गाडीतून ट्रेलरची बॅटरी चार्ज होत नाही – वायरिंगबद्दल सल्ला हवा

रानवाट

नमस्कार मंडळी,
इथे ट्रॅव्हल ट्रेलर ओढणारे बरेच जण आहेत म्हणून धागा काढतोय. माझा ट्रेलर दोन अ‍ॅक्सलचा आहे, आत १०० अँपिअर-तासाची एजीएम (सीलबंद लेड-अ‍ॅसिड) बॅटरी, एलईडी दिवे, पाण्याचा पंप आणि गॅस, मेन्स (घरगुती वीज), १२ व्होल्ट अशा तिन्हींवर चालणारा फ्रिज. गाडीच्या मागच्या सात पिनी सॉकेटमधली चार्जिंगची पिन चालू आहे, टेस्ट लँप लावला की लख्ख पेटतो. पण दिवसभर गाडी चालवून मुक्कामाला पोचलो की बॅटरी निघताना होती त्यापेक्षाही कमी भरलेली दिसते, आणि फ्रिज १२ व्होल्टवर ठेवला असेल तर हमखासच. अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज देणारा) १५० अँपिअरचा आहे, म्हणजे करंट कमी पडायचं काही कारण नाही. दुकानदार म्हणतो डीसी-डीसी चार्जर बसवून टाका, सगळं सुटेल. खरंच सुटेल का? की आधी आणखी काही बघायला हवं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

निवांत

प्रकाश टाकायला पण बॅटरी चार्ज लागते हो ;-) (दिवे घ्या)
वाचतोय. माझंही रडगाणं हेच आहे.

तारयंत्र

अल्टरनेटर १५० चा असो नाहीतर ३०० चा, मधे वायर कुठली आहे ते आधी सांगा. गाडीच्या बॅटरीपासून ट्रेलरच्या बॅटरीपर्यंत लांबी किती आणि तांब्याची जाडी किती, हे दोन आकडे मिळाले की अर्धं उत्तर मिळालंच समजा. आणि टेस्ट लँप पेटला याला फारसा अर्थ नाही, त्या बल्बला अर्धा अँपिअर पण लागत नाही, तेवढा करंट कुठलीही गंजकी वायर देते. फ्रिज चालू करून मोजा मग बोलू.

रानवाट

गाडीतली वायर अडीच चौरस मिमीची आहे, ट्रेलरमधली पण तेवढीच दिसते. इंजिनापासून मागच्या बंपरपर्यंत, तिथून ट्रेलरमधे पलंगाखाली बॅटरी आहे तिथपर्यंत १० मीटर धरा.

तारयंत्र

ठीक, मग हिशोब करू. १० मीटर जायला आणि १० मीटर यायला, कारण अर्थची (निगेटिव्हची, परतीची) वायर पण वायरच असते आणि हे नव्वद टक्के लोक विसरतात. तांब्याचा रोध १ मीटर लांब आणि १ चौरस मिमी जाड वायरीला साधारण ०.०१७२ ओहम. त्याला २० ने गुणा, अडीचने भागा, ०.१४ ओहम आला. हा नुसत्या वायरीचा, त्यात फ्यूज, रिले (विजेवर चालू-बंद होणारा स्विच), सॉकेटच्या पिना, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) हे सगळं धरलं की ०.२ च्या घरात जातो.

आता तुमचा फ्रिज. १२ व्होल्टवर तो कंप्रेसर वगैरे काही चालवत नाही, आत चक्क हीटरची कॉइल असते, १७०-१८० वॉटची, म्हणजे १४-१५ अँपिअर अखंड. बऱ्याच मॉडेलांत १२ व्होल्टवर थर्मोस्टॅट पण चालत नाही, त्यामुळे मधे विश्रांती नाही. १५ अँपिअर ०.२ ओहममधून न्यायचे तर ३ व्होल्ट वाटेतच गळतात. अल्टरनेटर १४.२ देत असेल तर पलीकडे ११.२ उरले पाहिजेत, पण तिथे तुमची बॅटरी बसलीय १२.४ वर. मग काय होतं, व्होल्टेज बॅटरीच्या जवळपासच अडकतं, वायरीतून येतात (१४.२ वजा १२.४ भागिले ०.२) म्हणजे ९ अँपिअर, आणि फ्रिजला कमी पडलेले ५-६ तुमची बॅटरी देते. आठ तास गाडी चालवली की ४०-४५ अँपिअर-तास बॅटरीतून गेले. गाडी चालू असताना बॅटरी उतरते ती अशी, यात जादू काही नाही.

भोंगा

+१ तारयंत्र. हा हिशोब डकवून ठेवायला हवा कुठेतरी, दर दोन महिन्यांनी हाच प्रश्न येतो.

चाकोरीबाहेर

एक शंका. मग कंपन्या सॉकेटमधे ती पिन देतातच कशाला?

तारयंत्र

दिवे लावायला आणि भरलेली बॅटरी भरलेली ठेवायला. मूळ कल्पना एवढीच आहे. त्यातून उतरलेली बॅटरी भरायची म्हटली तर ती भरते पण रडतखडत, कारण बॅटरी १३ च्या वर जायला लागली की दोन्हीकडच्या व्होल्टेजमधला फरकच कमी होतो, मग करंट ३-४ अँपिअरवर येतो. एजीएमला नीट भरायला तिच्या टर्मिनलवर १४.४ च्या पुढे लागतात, ते या वायरीतून कधीच पोचत नाहीत.

भोंगा

यात आणखी एक पाचर. नवीन गाड्यांत, युरो ६ (युरोपचा धुराचा नियम) वाल्या तर बहुतेक सगळ्याच, अल्टरनेटरचं व्होल्टेज कॉम्प्युटर ठरवतो. इंधन वाचवायला रस्त्यावर निवांत चालताना ते १२.५ वगैरेपर्यंत खाली आणतो आणि ब्रेक किंवा उताराला १५ पर्यंत वर नेतो. अशा गाडीला साधी वायर जोडली की कधी २ अँपिअर, कधी शून्य, कधी उलट ट्रेलरची बॅटरीच गाडीला पाजतेय. जुने व्होल्टेज बघून जोडणारे रिले पण इथे गोंधळतात, ते १३.३ ला जोडणार आणि १२.८ ला सोडणार, दिवसभर टकटक चालू. रानवाट, तुमची गाडी कुठल्या प्रकारची आहे ते नुसतं वरवर बघून कळणार नाही, चालत्या गाडीत शेजारच्या माणसाला लायटरच्या सॉकेटमधे व्होल्टमीटर लावून बसवा. स्वतः चालवताना बघू नका एवढंच.

सोल्डरगन

तारयंत्रने सांगितलं ते बरोबर, पण रानवाट, विकत काही घेण्याआधी कृपा करून मोजा. इंजिन चालू, ट्रेलर जोडलेला, फ्रिज १२ वर, अशा अवस्थेत तीन ठिकाणी: गाडीच्या बॅटरीची टर्मिनलं, मागचं सॉकेट, ट्रेलरच्या बॅटरीची टर्मिनलं. डीसी करंट दाखवणारा क्लँप मीटर मिळाला तर सोन्याहून पिवळं. (घरगुती वायरमनकडे असतो तो बऱ्याचदा फक्त एसीचा, तो इथे शून्य दाखवेल आणि तुम्ही वायर तुटलीय म्हणून शोधत बसाल.)

मग मल्टीमीटरची एक पिन गाडीच्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी लांब वायर जोडून ट्रेलरच्या बॅटरीच्या निगेटिव्हला. जो आकडा येईल तो नुसता अर्थमधला ड्रॉप, म्हणजे तेवढं व्होल्टेज अर्थच्या वाटेत गळतंय.

मैलाचादगड

एवढा उपद्व्याप कशाला मी म्हणतो. छतावर २०० वॉटचं सोलर टाका, चांगल्या उन्हात दिवसाला ५०-६० अँपिअर-तास येतात, वायरींची भानगडच नको.

सोल्डरगन

सोलर हवंच, वाद नाही. पण ढग, झाडं, हिवाळा. आणि गाडी चालू असताना अल्टरनेटर फुकट उपलब्ध आहे तर त्याचा उपयोग का करू नये? त्यातून तो १८० वॉटचा हीटर सोलरवर चालवायचा म्हणजे २०० वॉटचं अख्खं पॅनेल भर दुपारी त्यालाच लागणार.

मैलाचादगड

तीन-मार्गी फ्रिज काढून कंप्रेसरवाला बसवायचा मग. ४-५ अँपिअर घेतो आणि तोही अधूनमधून.

रानवाट

मोजलं. आकडे असे आले (इंजिन चालू, थोडं रेस करून, फ्रिज १२ वर):
गाडीच्या बॅटरीवर १४.१
मागच्या सॉकेटवर १२.९
ट्रेलरच्या बॅटरीवर १२.२
चार्ज लाइनमधून ८ अँपिअर, फ्रिजच्या वायरीत १४, म्हणजे बॅटरीतून ६ जातायत. तारयंत्रांच्या हिशोबाच्या इतकं जवळ आलं की मला आधी वाटलं मीटर बिघडला.

अर्थमधला ड्रॉप ट्रेलरच्या बाजूला जास्त निघाला, म्हणून जोडणीच्या दांड्याजवळ चेसिसला अर्थ दिलाय तो बोल्ट उघडला. वॉशरच्या खाली पेंट तसाच होता! थिंबल पेंटवर बसवून आवळलेलं, धातूला टेकत होती ती फक्त बोल्टच्या आट्यांची कड. वरून थिंबलच्या मानेत हिरवी बुकटी, वायर थोडी वाकवली तर दोन-तीन तारा हातात आल्या. घासून पत्रा उघडा केला, नवीन थिंबल क्रिंप करून बसवलं, वरून ग्रीस. आता ट्रेलरच्या बॅटरीवर १२.४ दिसतात आणि लाइनमधून ९ येतात. म्हणजे सुधारलं पण पोट भरलं नाही.

सोल्डरगन

झकास. हे असलं पेंटवरचं अर्थिंग जितक्या ट्रेलरांत बघितलंय, विचारू नका. आता पुढे काहीही केलंत तरी चार्जिंगच्या करंटसाठी चेसिसवर अवलंबून राहू नका, जाताना जेवढी जाड वायर तेवढीच येताना. आणि कुणी सांगेल हिचच्या बॉलमधून (ट्रेलर अडकवायच्या गोळ्यातून) अर्थ मिळतो म्हणून, मिळतो कधीकधी, ग्रीस लावलेल्या आणि हलणाऱ्या सांध्यातून जेवढा मिळायचा तेवढा.

रानवाट

मग आता डीसी-डीसी चार्जर घ्यायचा ना? २० अँपिअरचा दाखवलाय, म्हणे आहे त्याच वायरीवर बसतो.

तारयंत्र

थांबा थांबा. इथेच लोक पैसे घालवतात.

डीसी-डीसी चार्जर इनपुटला पडकं व्होल्टेज घेऊन आउटपुटला १४.४ काढतो हे खरं. पण तो वॉट तयार करत नाही. २० अँपिअर गुणिले १४.४ म्हणजे २८८ वॉट बाहेर, आतली गळती १०-१२ टक्के धरली की सव्वातीनशे वॉट आत हवेत. आणि व्होल्टेज जितकं पडेल तितका तो जास्त करंट ओढतो, कारण त्याला वॉट पुरे करायचेत. जास्त ओढला की वायरीत आणखी पडतं. मग आणखी ओढतो. तुमच्या ०.२ ओहमच्या वाटेतून पलीकडे जास्तीत जास्त किती वॉट पोचतील याला मर्यादा आहे, व्होल्टेजचा वर्ग भागिले चारपट रोध, १४.२ साठी २५० वॉट. आणि ती मर्यादा गाठताना निम्मं व्होल्टेज वायरीत जळतंय, म्हणजे चार्जरला ७ व्होल्ट मिळतायत. तोपर्यंत एकतर फ्यूज उडालेला असणार नाहीतर चार्जर कमी व्होल्टेज बघून बंद पडलेला. बंद पडला की लोड गेला, व्होल्टेज वर, परत चालू, परत बंद. बाहेरून दिसतं काय तर लुकलुकणारा दिवा, आणि मग चार्जर खराब म्हणून तो परत करायला माणूस दुकानात.

आधी वायर, मग चार्जर. आणि चार्जर ट्रेलरच्या बॅटरीजवळ, गाडीत नाही. गाडीत बसवला तर १४.४ तिथे तयार होणार आणि पलीकडे पोचेपर्यंत परत १३.

भोंगा

वायर ६ गेजची, म्हणजे १३ चौरस मिमीच्या थोडी वर. तेवढ्याच लांबीला ०.०२६ ओहम. २० चा चार्जर मग २४-२५ अँपिअर ओढेल आणि ड्रॉप पाऊण व्होल्टच्या आत. सात पिनी सॉकेटच्या पिनांना एवढी वायर बसतच नाही, त्यामुळे तिच्या शेजारी वेगळा ५० अँपिअरचा अँडरसन कनेक्टर. दोन्ही बाजू सारख्याच असतात, नर-मादी भानगड नाही, दोन बोटांनी ओढला की सुटतो. रंग मात्र एकच घ्या, वेगळ्या रंगाचे एकमेकांत मुद्दाम बसत नाहीत.

वायर घेताना एक सांभाळा. ऑस्ट्रेलियात वाहनांसाठी "६ एमएम" म्हणून जी वायर मिळते तो प्लास्टिकसकट बाहेरचा व्यास असतो, आत तांबं साडेचार चौरस मिमीचं. तिकडचे व्हिडिओ बघून ऑर्डर देणारे फसतात. पाकिटावरच्या मोठ्या आकड्याकडे न बघता चौरस मिमी किंवा गेज बघायचं. आणि तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त वायर तर नकोच.

पाऊलखुणा

मधेच बोलते, कारण अजून कुणी हे काढलं नाही. या सगळ्यात "ट्रेलरची बॅटरी काढून टाकतो, सगळं गाडीवरच चालवतो" असा शहाणपणा करणारे भेटतात. रानवाट तुम्ही तसं म्हणाला नाहीत, पण वाचणारे बरेच आहेत. इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर ट्रेलर सुटला की ब्रेकअवे स्विचची पिन निघते आणि ट्रेलरच्या स्वतःच्या बॅटरीवर ब्रेक लागतात. गाडी तर तेव्हा पुढे निघून गेलेली असते! एका चाकाच्या मॅग्नेटला साधारण ३ अँपिअर, चार चाकांना १२. अमेरिकेच्या नियमात हे ब्रेक १५ मिनिटं लागून राहिले पाहिजेत असं आहे. त्यामुळे नवीन वायरिंग करताना ब्रेकअवेची वायर थेट बॅटरीवर राहू दे, बाकीच्या मेन स्विचच्या मागे जाऊ देऊ नका. काम झालं की पिन ओढून, चाकं धरतात का ते जरा पुढे ओढून बघा.

निवांत

ताई, हे वाचून खाली जाऊन बघून आलो. माझी मेन स्विचच्या मागेच आहे. उद्या पहिलं काम.

चाकोरीबाहेर

युरोपातल्या १३ पिनी सॉकेटमधे तर दोन वेगळ्या लाइन असतात ना? तिथे पण हाच प्रॉब्लेम?

भोंगा

९ नंबर कायम चालू, १० नंबर इग्निशनवर, आणि त्यांचे अर्थ १३ आणि ११ वेगवेगळे. १० नंबरवर फ्रिज वेगळा पडला की बॅटरीवरचा भार कमी होतो हे चांगलं, आणि ट्रेलरमधे हे अर्थ एकत्र बांधायचे नसतात हेही लक्षात ठेवा. बाकी वायर तीच अडीचची, तांबं युरोपात गेलं म्हणून कमी रोध देत नाही.

टोकदार

तुम्ही सगळे जाड वायरीच्या मागे लागलात. व्होल्टेज वाढवा की. गाडीत १२ चे ४८ करणारा कन्व्हर्टर, ट्रेलरमधे ४८ चे १४.४. तीनशे वॉट म्हणजे ६ अँपिअर, तुमच्या त्याच अडीचच्या वायरीतून ड्रॉप एक व्होल्ट, ४८ मधला एक गेला तर कुणाला पडलीय. विजेची कंपनी हेच करते.

तारयंत्र

गणित बिनचूक आहे. पण दोन कन्व्हर्टर म्हणजे दोनदा १० टक्के गळती आणि बिघडायला दोन डबे. माझा खरा आक्षेप वेगळा आहे, तुम्ही सात पिनी सॉकेटच्या चार्ज पिनवर ४८ सोडलेत आणि उद्या कुणी मित्र त्याच गाडीला आपला ट्रेलर जोडून गेला तर त्याच्या सगळ्या १२ व्होल्टच्या वस्तू गेल्या. ठरलेल्या सॉकेटवर ठरलेलंच व्होल्टेज. करायचं असेल तर स्वतंत्र वायर, वेगळ्या आकाराचा कनेक्टर. आणि स्वतंत्र वायर टाकायचीच आहे तर जाडच टाका ना.

टोकदार

मान्य, वेगळा कनेक्टर हवा. पण ट्रेलर लांब असेल, बॅटरी अगदी मागे असेल तर १५-१६ मीटर होतात, तेव्हा माझा उपाय स्वस्त पडतो यावर मी ठाम आहे.

मैलाचादगड

आणि गाडीत इन्व्हर्टर ठेवून मेन्सचीच केबल मागे नेली तर? काही पिकअपमधे कंपनीचाच येतो, फोर्ड एफ-१५० हायब्रिडला २०२१ पासून ७.२ किलोवॉटपर्यंत मिळतो.

सोल्डरगन

थांबलेल्या ठिकाणी मस्त. चालत्या गाडीत दोन वाहनांच्या मधे मेन्सची केबल लोंबकळत, पावसात, वळणावर ताणत, मी तरी करणार नाही.

रानवाट

सगळ्यांचे आभार. आता ठरवलंय ते असं: ६ गेजची जोडी गाडीच्या बॅटरीपासून मागे, अँडरसन, ट्रेलरमधे पलंगाखाली २० चा डीसी-डीसी. सात पिनीतली चार्ज पिन ट्रेलरमधे बॅटरीपासून सोडवून नुसती फ्रिजला देणार, म्हणजे फ्रिज बॅटरीला हातच लावणार नाही. फ्यूज किती? आणि पुढेमागे लिथियम टाकली तर हेच चालेल ना?

तारयंत्र

बेत चांगला आहे. फ्रिजला त्या वायरीत १२ च्या आसपास मिळतील, थोडा मंद चालेल पण निघताना गार करून ठेवलात तर दिवस काढेल.

फ्यूज वायरीसाठी असतो, चार्जरसाठी नव्हे. ४० अँपिअरचे दोन, एक गाडीच्या बॅटरीपासून वीतभर अंतरात आणि दुसरा ट्रेलरच्या बॅटरीजवळ चार्जरच्या आउटपुटवर, कारण शॉर्ट झाला तर ट्रेलरची बॅटरी पण तेवढ्याच जोमाने आग लावू शकते. आपोआप परत जोडणारे ब्रेकर बरेच जण लावतात, मला ते आवडत नाहीत, कायमचा शॉर्ट असेल तर ते थंड होऊन परत परत जोडत राहतात.

लिथियमला हा चार्जर हवाच. लिथियमचा आतला रोध इतका कमी की जाड वायरीने थेट जोडली तर अल्टरनेटर देईल तेवढं ती ओढत राहते, लेड-अ‍ॅसिडसारखी भरत आली की दमत नाही. सिग्नलला उभं असताना इंजिनाचे फेरे कमी, अल्टरनेटरचा स्वतःचा पंखा हळू, आणि करंट मात्र जास्तीत जास्त, मग तो तापून जातो. २० चा चार्जर मधे असला की ओढणं २५ च्या घरात बांधलं जातं. फक्त चार्जरमधे लिथियमचं सेटिंग आहे ना बघून घ्या, आणि शून्य अंशाच्या खाली ती चार्ज करायची नसते, चांगल्या बॅटरीचं बीएमएस (बॅटरीतलंच राखणदार सर्किट) स्वतःच अडवतं.

निवांत

एक बालिश प्रश्न. ट्रेलर सोडल्यावर गाडीच्या मागे तो अँडरसन लोंबकळत राहणार ना, त्यात कायम १२ व्होल्ट?

भोंगा

बालिश अजिबात नाही. कायम जोडलेला ठेवलात तर दोन तोटे, चिखलपाण्यात उघडा जिवंत कनेक्टर, आणि मुक्कामी ट्रेलर जोडलेलाच राहिला तर काही चार्जर गाडीची बॅटरी रात्रभर खात बसतात, सकाळी गाडी सुरू होत नाही. बॉनेटखाली फ्यूजनंतर ७०-८० अँपिअरचा कंटिन्युअस ड्यूटीचा रिले टाका, कॉइल इग्निशनवर. स्टार्टरसाठी येतो तो रिले नको, तो थोडा वेळ धरायला केलेला असतो, तासभर चालू ठेवला की कॉइल जळते. चार्जरला इग्निशनच्या सिग्नलची पिन असेल तर ती पण एका बारीक वायरीने आणा, हलत्या व्होल्टेजवाल्या अल्टरनेटरला तिच्याशिवाय तो नीट चालू होणारच नाही. आणि कनेक्टरला रबराची टोपी मिळते.

रानवाट

रिले चिखलापासून लांब, बॅटरीच्या वर बसवता येईल असं दिसतंय. पण वायर खालून न्यायची तर सायलेन्सरच्या बाजूने एकच मोकळी वाट आहे. चालेल का?

सोल्डरगन

नाही. दुसऱ्या बाजूने, चेसिसच्या आतून, ब्रेकच्या पाइपांना न बांधता, नालीदार पाइपमधे घालून आणि दर फूटभरावर क्लिप मारून. पत्र्याच्या भोकातून जिथे जाईल तिथे रबराचा ग्रॉमेट. लांबी अर्धा मीटर वाढली तरी चालेल, ड्रॉपमधे व्होल्टच्या तीन शतांशाचा फरक पडेल.